कोसळणारा तारा आणि आदळणाऱ्या लहरी : सिंग्युलॅरिटी कशी घडते

व्यापक सापेक्षता सिद्धांतात सिंग्युलॅरिटी म्हणजे अवकाश-काळाची अशी कड, जिच्यापलीकडे सिद्धांताची समीकरणे काहीच सांगू शकत नाहीत. या कडेकडे निघालेल्या कणाच्या घड्याळात मोजकाच वेळ शिल्लक असतो. तो संपला की कणाचा पुढचा मार्ग अस्तित्वातच नसतो. बहुतेक वेळा कड जवळ येईल तशी वक्रताही बेसुमार वाढते आणि वस्तूला एका दिशेने ताणणारी व दुसऱ्या दिशांनी दाबणारी बले सर्व मर्यादा ओलांडतात. मात्र व्याख्येचा गाभा ‘मार्ग अपुरा राहणे’ हा आहे. वक्रता अनंत होणे हे त्याचे नेहमी आढळणारे लक्षण आहे.

अशी कड निर्माण होण्याचे दोन मार्ग गणिताने दाखवले आहेत. विश्वारंभीची सिंग्युलॅरिटी हा वेगळा विषय असल्याने तो इथे बाजूला ठेवला आहे. पहिला मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे : इंधन संपलेला जड तारा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि कृष्णविवर बनते. दुसरा मार्ग अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा माहीत नाही. त्यात तारा नसतो, धूळ नसते, पदार्थाचा एक कणही नसतो. समोरासमोरून आलेल्या दोन गुरुत्वीय लहरी एकमेकींवर आदळतात आणि टकरीनंतर काही काळाने अवकाश-काळ मिटतो. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात दोन्हींमागे एकच यंत्रणा काम करते. किरणांचे जुडगे एकदा आत वळू लागले की गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा फाकू देत नाही, ही ती यंत्रणा. पदार्थाचा गोंधळ नसल्यामुळे लहरींच्या टकरीत ती अधिक स्वच्छ दिसते. म्हणूनच कृष्णविवर नीट समजून घ्यायचे असेल तर या दुसऱ्या मार्गाने जाणे फार लाभाचे ठरते.

या विषयातली पहिली अडचण खरी सिंग्युलॅरिटी खोटीपासून ओळखण्याची होती, आणि ती सोडवण्यात जवळजवळ अर्धे शतक गेले. आइन्स्टाइन यांनी नोव्हेंबर १९१५ मध्ये आपली समीकरणे पूर्ण केली. काही आठवड्यांतच कार्ल श्वार्झशिल्ड यांनी, पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात आघाडीवर असताना, गोल आणि न फिरणाऱ्या वस्तुमानाभोवतीची भूमिती शोधून काढली. ते पुढल्याच मे महिन्यात वारले. आपल्या सूत्रावरून पुढे किती मोठा वाद माजणार आहे हे पाहायला ते उरले नाहीत. ते सूत्र आज ज्या रूपात लिहितात, त्यात दोन ठिकाणी भागाकार शून्याने होतो. एक ठिकाण अगदी केंद्राशी. दुसरे एका ठरावीक त्रिज्येवर, जी सूर्याच्या वस्तुमानासाठी सुमारे ३ किलोमीटर आणि पृथ्वीच्या वस्तुमानासाठी सुमारे ९ मिलिमीटर येते. या दुसऱ्या ठिकाणी निसर्गच थांबतो, असे अनेक वर्षे मानले जात होते.

पण तिथे थांबते ती मोजण्याची पद्धत. पृथ्वीगोलावर सगळ्या रेखावृत्तांची ध्रुवावर गाठ बसते आणि रेखांश सांगता येत नाही, म्हणून ध्रुवाजवळचे बर्फ फाटलेले नसते. श्वार्झशिल्ड त्रिज्येचे तसेच आहे. एडिंग्टन यांनी १९२४ मध्ये वापरलेल्या मापनपद्धतीत ही अडचण उरली नव्हती, पण त्याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही. तो १९३३ मध्ये जॉर्ज लमेत्र यांनी स्पष्टपणे मांडला. १९५८ मध्ये डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी ही त्रिज्या म्हणजे एकाच दिशेने ओलांडता येणारा पडदा असल्याचे दाखवले, आणि १९६० मध्ये मार्टिन क्रुस्कल व जॉर्ज सेकेरेस यांनी संपूर्ण भूमितीचा नकाशा दिला. आज या पडद्याला घटना क्षितिज म्हणतात.

खरे-खोटे ठरवण्याची कसोटी साधी आहे. वक्रता मोजणाऱ्या काही संख्या अशा आहेत की मापनपद्धती कोणतीही घेतली तरी त्यांची किंमत बदलत नाही. श्वार्झशिल्ड भूमितीत अशी एक संख्या केंद्रापासूनच्या अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. अंतर दहावा भाग झाले की ती १० लाख पट होते. क्षितिजावर तिची किंमत मर्यादित असते आणि कृष्णविवर जितके मोठे तितकी ती लहान. अतिप्रचंड कृष्णविवराचे क्षितिज ओलांडताना प्रवाशाला काही जाणवणारही नाही. केंद्राशी मात्र ही संख्या अनंत होते. मापनपद्धती बदलून तिथली अडचण जात नाही.

‘केंद्राशी’ हा शब्द मात्र दिशाभूल करतो. क्षितिजाच्या आत अंतर आणि काळ आपापल्या भूमिका बदलतात. बाहेर असताना जे केंद्रापासूनचे अंतर होते, ते आत काळासारखे एकाच दिशेने सरकते. त्यामुळे न फिरणाऱ्या कृष्णविवरातली सिंग्युलॅरिटी ही वळसा घालून टाळता येईल अशी जागा नाही. ती आत शिरलेल्या प्रत्येकाच्या भविष्यात ठरून गेलेली वेळ आहे. क्षितिज ओलांडल्यावर जास्तीत जास्त किती अवधी मिळू शकतो हे फक्त वस्तुमानावर ठरते. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी तो सुमारे १५ मायक्रोसेकंद आहे. आकाशगंगेच्या मध्याशी असलेल्या, सुमारे ४३ लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवरासाठी तो मिनिटाहून किंचित अधिक, तर एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातील सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढ्या कृष्णविवरासाठी जेमतेम २८ तास आहे. इंजिन लावून धडपड केल्याने ही मर्यादा वाढत नाही. उलट चुकीच्या दिशेने लावलेला जोर अवधी कमीच करतो.

ही भूमिती प्रत्यक्ष कोसळण्यातून उभी राहते का, या प्रश्नाचे पहिले नेमके उत्तर धुळीच्या ढगांच्या गणिताने दिले. इथे धूळ म्हणजे ज्यात दाब अजिबात नाही असा पदार्थ. कोलकात्याचे बी. दत्त यांनी १९३८ मध्ये आणि अमेरिकेत रॉबर्ट ओपेनहायमर व हार्टलँड स्नायडर यांनी १९३९ मध्ये अशा गोल ढगाचे आकुंचन सोडवले. ओपेनहायमर-स्नायडर यांच्या ढगात घनता सगळीकडे सारखी आहे. त्याची सुरुवातीची घनता सूर्याच्या सरासरी घनतेएवढी धरली आणि तो स्थिर अवस्थेतून सोडला, तर ढगाबरोबर पडणाऱ्या घड्याळाने अवघ्या अर्ध्या तासात सगळे संपते. दुरून पाहणाऱ्याला मात्र ढगाचा पृष्ठभाग क्षितिजाशी मंदावत, लालसर होत विझताना दिसतो. आतली सिंग्युलॅरिटी त्याला कधीच दिसत नाही. ढगाच्या आतली घनता वाढत जाऊन सगळ्या थरांमध्ये एकाच क्षणी अनंत होते.

नेमके इथेच शंकेला वाव होता. सगळे कण एकाच बिंदूकडे नेम धरून निघाले तर ते एकाच बिंदूत भेटणारच, त्यात नवल काय? खरा तारा फिरतो, थोडा चपटा असतो, त्यात खळबळ असते. अशा ताऱ्याचे कण केंद्राजवळून एकमेकांना चुकवत पुन्हा बाहेर पडतील, असे मानणारे पुष्कळ होते. १९६३ मध्ये येवगेनी लिफशित्झ आणि इसाक खलातनिकोव्ह या मातब्बर सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तर असा दावाच केला की सर्वसाधारण, बेडौल आकुंचनात सिंग्युलॅरिटी येत नाही.

या शंकेचे उत्तर देणारे हत्यार त्याआधीच कोलकात्यात तयार झाले होते. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणाला सममितीची गरज नाही. गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे बल नसलेल्या कणांचा एक छोटासा जथा घ्यायचा आणि त्याचे आकारमान कोणत्या वेगाने बदलते हे पाहायचे, एवढेच ते करते. त्या बदलावर चार गोष्टींचा परिणाम होतो : जथा आधीच किती वेगाने आवळतो आहे, त्याचा आकार किती विकृत होतो आहे (म्हणजे गोल जथा लांबट होणे), तो स्वतःभोवती किती पिळतो आहे, आणि त्याच्या जागी किती पदार्थ आहे. यांपैकी पिळणे तेवढे आवळण्याच्या विरोधात जाते. बाकीच्या तिन्ही गोष्टी आवळण्यालाच हात देतात. त्यातही आकाराची विकृती वर्ग होऊन येते. लांबट होणे कोणत्याही दिशेने असो, परिणाम आवळण्याचाच. पुढे लहरींच्या संदर्भात हा वर्ग निर्णायक ठरतो. प्रकाशकिरणांच्या जुडग्यासाठीही असेच समीकरण आहे. एका पृष्ठभागावरून काटकोनात निघालेले किरण पिळत नाहीत, त्यामुळे तिथे विरोध करणारे कोणीच उरत नाही. असे जुडगे एकदा आत वळले की मर्यादित अंतरात ते एकवटते.

१९६४ च्या शरदात लंडनमधल्या बर्कबेक कॉलेजात काम करणारे रॉजर पेनरोज सहकारी आयव्हर रॉबिन्सन यांच्याशी बोलत चालले असताना, रस्ता ओलांडण्यापुरते संभाषण थांबले आणि तेवढ्यात त्यांना एक कल्पना सुचली. कोणत्याही बंद पृष्ठभागावर क्षणभर दिवा लावला तर प्रकाशाचे दोन पडदे निघतात. बाहेर जाणाऱ्या पडद्याचे क्षेत्रफळ वाढते आणि आत जाणाऱ्याचे घटते. जिथे दोन्ही पडद्यांचे क्षेत्रफळ घटू लागते, म्हणजे बाहेर सोडलेला प्रकाशसुद्धा आत ओढला जातो, त्याला त्यांनी सापळ्यात अडकलेला पृष्ठभाग म्हटले. असा पृष्ठभाग एकदा तयार झाला आणि ऊर्जेची घनता कुठे ऋण नसली की काही प्रकाशकिरणांचे मार्ग अपुरे राहणे अटळ आहे, असे त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्याशा लेखात सिद्ध केले. गोलाईची अट गेली. थोडासा चपटेपणा, थोडेसे फिरणे किंवा खळबळ यांनी हा पृष्ठभाग मोडत नाही. लिफशित्झ आणि खलातनिकोव्ह यांनी पुढे आपला दावा मागे घेतला. पेनरोज यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

सापळा बसण्यासाठी पदार्थ अतोनात दाटलेला असावा लागतो, हा समज इथे दूर करायला हवा. एम-८७ मधील कृष्णविवराचे वस्तुमान त्याच्या क्षितिजाच्या त्रिज्येतून काढलेल्या घनफळाने भागले तर येणारी सरासरी घनता आपल्या भोवतालच्या हवेपेक्षाही कमी भरते. पुरेसे वस्तुमान पुरेशा जागेत आले की पदार्थ विरळ असतानाच परतीचे दार बंद होते.

पेनरोज यांचे प्रमेय, आणि त्यानंतर १९७० मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्यासह त्यांनी दिलेले अधिक व्यापक प्रमेय, मार्ग अपुरा राहतो एवढेच सांगते. कडेवर नेमके काय घडते याबद्दल ते मौन बाळगते. ती उणीव १९७० च्या सुमारास व्लादिमिर बेलिन्स्की, खलातनिकोव्ह आणि लिफशित्झ यांनी भरून काढायला घेतली. एडवर्ड कास्नर यांनी १९२१ मध्ये एक रिकामी भूमिती शोधली होती, जिच्यात अवकाश दोन दिशांनी आवळतो आणि तिसरीने ताणला जातो. श्वार्झशिल्ड सिंग्युलॅरिटीजवळ असेच होते. तिघांचे म्हणणे असे की सर्वसाधारण सिंग्युलॅरिटीजवळ प्रत्येक बिंदू काही काळ कास्नरच्या चालीने चालतो, मग एकाएकी ताणाची दिशा बदलते, पुन्हा काही काळ तीच चाल, पुन्हा बदल. हे हेलकावे अनियमित असतात आणि कडेपर्यंत त्यांची संख्या अनंत होते. यातली सर्वांत महत्त्वाची बाब अशी की नेहमीचा पदार्थ या शेवटच्या खेळात जवळजवळ गैरलागू ठरतो. वक्रताच वक्रतेला वाढवते. तारा फक्त सुरुवात करून देतो.

तसे असेल तर ताऱ्याविनाही सुरुवात व्हायला हवी. गुरुत्वीय लहरींमध्ये ऊर्जा असते, आणि ऊर्जा गुरुत्वाकर्षण निर्माण करते. म्हणून प्रकाशाच्या दोन झोतांप्रमाणे या लहरी एकमेकींतून बिनदिक्कत पार होऊ शकत नाहीत. मात्र टकरीचे गणित सुरू होण्याआधी खुद्द लहरींवरच सिंग्युलॅरिटीचे किटाळ आले होते. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांना सपाट आघाडीच्या लहरींच्या सूत्रात अनंत येताना दिसले. त्यावरून अशा लहरी असूच शकत नाहीत, असा निष्कर्ष काढून त्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे लेख पाठवला. परीक्षकाने चूक दाखवली. छापण्याआधी लेख परक्याला दाखवला म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी लेख काढून घेतला. परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते. लेख शेवटी १९३७ मध्ये दुसरीकडे छापून आला तेव्हा त्यात दंडगोलाकार लहरींचे निर्दोष सूत्र होते. सपाट लहरींना पूर्ण निर्दोष ठरवले ते हर्मन बाँडी, फेलिक्स पिरानी आणि आयव्हर रॉबिन्सन यांनी १९५९ मध्ये. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या बाबतीत झाली तीच गफलत इथे दुसऱ्यांदा झाली होती.

तो खोटा अनंत कुठून आला हे बारकाईने पाहिले तर टकरीचे सगळे रहस्य उलगडते. एक सपाट लहर, सगळी ऊर्जा एका पातळ पडद्यात साठलेली, शांत रिकाम्या अवकाशातून जाते आहे असे समजावे. तिच्या वाटेत, तिच्या दिशेला काटकोनात, कणांची एक चौकोनी जाळी स्थिर ठेवलेली आहे. लहर निघून गेल्यावर अवकाश पुन्हा पूर्ण सपाट होतो, पण कणांना धक्का बसलेला असतो. एका दिशेने ते एकमेकांकडे सरकू लागतात, दुसऱ्या दिशेने एकमेकांपासून दूर. लहर गेल्यापासूनचा काळ अशा एककात मोजू की पहिल्या दिशेतील कण १ या क्षणी भेटतात. मग ०.१ या क्षणी जाळीची एक बाजू मूळच्या ०.९ पट आणि दुसरी १.१ पट असते. जितके आवळले तितकेच ताणले, असे वाटते. पण क्षेत्रफळ ०.९ गुणिले १.१, म्हणजे ०.९९ झालेले असते. ०.५ या क्षणी ते ०.५ गुणिले १.५, म्हणजे ०.७५ असते. १ या क्षणी शून्य. आकाराच्या विकृतीचा जो वर्ग रायचौधुरींच्या समीकरणात आवळण्याला हात देतो, तो हाच. पदार्थ नसताना लहर जुडगे एकवटवते ती अशी.

एकट्या लहरीच्या मागे कण एका रेषेवर भेटतात, एवढेच घडते. अवकाश सपाटच असतो. मिटते ती कणांची जाळी, आणि आइन्स्टाइन-रोझेन यांनी मापनासाठी अशीच जाळी वापरली होती. पण याच वेळी समोरून दुसरी तशीच लहर आली तर? १९७० मध्ये पीटर सेकेरेस यांनी, जे जॉर्ज सेकेरेस यांचे चिरंजीव, आणि १९७१ मध्ये के. ए. खान व पेनरोज यांनी या प्रश्नाची नेमकी उत्तरे दिली. टकरीनंतर प्रत्येक लहर दुसरीने आवळायला घेतलेल्या प्रदेशातून जाते. तिची आघाडी एकवटत जाते, ती तीव्र होते, आणि तिचा काही अंश विखरून मागे उरतो. दोन्ही लहरींमागचा भाग आता सपाट राहत नाही. खान-पेनरोज यांच्या भूमितीत पहिली लहर गेल्यापासूनची एक संख्या आणि दुसरी गेल्यापासूनची एक संख्या घेतली, तर जाळीचे क्षेत्रफळ १ वजा पहिलीचा वर्ग वजा दुसरीचा वर्ग एवढे येते. दोन वर्गांची बेरीज १ झाली की ते शून्य होते, आणि या वेळी वक्रतेच्या त्या न बदलणाऱ्या संख्याही अनंत होतात. दोन्ही संख्या सारख्या असतील तर हे सुमारे ०.७१ लाच घडते, म्हणजे एकट्या लहरीने कण एकत्र आणले असते त्याच्या आधी. खोटी कड टकरीने खरी झाली.

अशा टकरीतून नेहमीच वक्रता अनंत होते का? १९७४ मध्ये बेल आणि पीटर सेकेरेस यांनी दोन विद्युत्-चुंबकीय लहरींची टक्कर सोडवली, तेव्हा शेवटी सिंग्युलॅरिटीऐवजी क्षितिज आले. त्यानंतर या विषयाकडे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वळले. तेव्हा त्यांची सत्तरी उलटलेली होती. कृष्णविवरांच्या गणितावरचा त्यांचा महाग्रंथ १९८३ मध्ये पुरा झाला होता, आणि नव्या विषयात उडी घेण्याची त्यांना कसलीच गरज नव्हती. व्हॅलेरिया फेरारी आणि बॅसिलिस झँथोपूलोस यांच्यासह त्यांनी दाखवले की आदळणाऱ्या लहरी आणि फिरणारी कृष्णविवरे यांची समीकरणे एकाच साच्यातून निघतात. चंद्रशेखर-झँथोपूलोस यांच्या १९८६ च्या एका उत्तरात टकरीनंतरचा प्रदेश फिरणाऱ्या कृष्णविवराच्या भूमितीच्या एका तुकड्याशी तंतोतंत जुळतो. तिथेही आधी क्षितिज येते आणि सिंग्युलॅरिटी त्याच्या पलीकडे असते. गणिताच्या एवढ्या सुंदर योगायोगाची किंमत कमी लेखू नये. पण ही क्षितिजे ठिसूळ आहेत. उलवी युर्तसेव्हर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की सुरुवातीच्या लहरींत किंचित बदल केला की क्षितिजाच्या जागी पुन्हा वक्रतेची सिंग्युलॅरिटी येते आणि तिच्याजवळ कास्नरचीच चाल दिसते.

या सगळ्या उत्तरांत लहरींची आघाडी अनंत रुंद आणि पूर्ण सपाट धरली आहे. निसर्गात तसे काही नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने टिपलेली पहिली लहर सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघाली होती. सुमारे तीन सूर्यांएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा तिच्यात होती. तरी १३० कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून पृथ्वीपाशी आली तेव्हा ती लांबीत फक्त एक हजार अब्ज अब्जांशाचा फरक करत होती. विकृतीचा परिणाम वर्गाने येतो, म्हणून इतक्या क्षीण लहरीने किरण एकवटायला लागणारा काळ विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पटींनी अधिक येतो. तोवर लहर केव्हाच पसरून विरलेली असते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेली लायगो-इंडिया वेधशाळाही अशाच क्षीण लहरी टिपेल, आणि त्या कृष्णविवरांच्या क्षितिजाबाहेरचीच बातमी आणतील. मर्यादित रुंदीच्या लहरींचा विचार युर्तसेव्हर यांनीच केला. आघाडीची रुंदी किरण एकवटण्याच्या अंतरापेक्षा पुरेशी मोठी असेल तर तिच्या कडांची बातमी मध्यापर्यंत पोचण्याआधीच सिंग्युलॅरिटी घडून जाते. मध्यभागाच्या दृष्टीने लहर अनंतच असते.

शुद्ध लहरींतून कृष्णविवर बनते याची पूर्ण सिद्धता मात्र वेगळ्या वाटेने आली. देमेत्रियोस ख्रिस्तोदूलू यांनी २००९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या कामात रिकाम्या अवकाशात सर्व बाजूंनी आत येणाऱ्या लहरींचा छोटा पण जोरदार झोत घेतला. सुरुवातीला कुठेही सापळा नाही. प्रत्येक दिशेने दर एकक क्षेत्राला पुरेशी ऊर्जा आत आली की बंद पृष्ठभाग सापळ्यात अडकतो, आणि मग पेनरोज यांचे प्रमेय आपोआप लागू होते. कोसळणाऱ्या ताऱ्यात पदार्थ जे काम करतो, ते इथे लहरींच्या विकृतीच्या वर्गाने केले.

सिंग्युलॅरिटी नेहमी क्षितिजाआडच असते का, हा प्रश्न यातूनच उभा राहतो. १९६९ मध्ये पेनरोज यांनी तसे अनुमान मांडले. धुळीच्या ढगाची घनता मध्याशी जास्त आणि काठाशी कमी धरली तर मात्र सिंग्युलॅरिटी उघडी पडून तिच्यातून निघालेला प्रकाश बाहेर येऊ शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी आणि सहकाऱ्यांनी अशा आकुंचनांचा दीर्घकाळ पद्धतशीर अभ्यास केला. ख्रिस्तोदूलू यांनी एका साध्या क्षेत्राच्या गोल आकुंचनात उघड्या सिंग्युलॅरिटी असतात, पण सुरुवातीच्या अवस्थेत किंचित बदल केला की त्या नाहीशा होतात, असे सिद्ध केले. सर्वसाधारण परिस्थितीसाठी अनुमान अजून सिद्धही नाही आणि खोटेही ठरलेले नाही.

दोन्ही मार्ग खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते फिरणाऱ्या कृष्णविवराच्या पोटात. रॉय केर यांनी १९६३ मध्ये शोधलेल्या या भूमितीत घटना क्षितिजाच्या आत आणखी एक आतले क्षितिज आहे. सिंग्युलॅरिटी वलयाच्या आकाराची असून त्या क्षितिजाच्याही आत आहे, आणि कागदावर तरी ती चुकवता येते. पण आतल्या क्षितिजाकडे जाणाऱ्याला बाहेरच्या विश्वाचा सगळा भविष्यकाळ मोजक्या वेळात दिसतो. त्यामुळे मागाहून आत येणारे किरण त्याला अमर्याद तीव्र झालेले भेटतात, हे पेनरोज यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते. कृष्णविवर बनताना निर्माण झालेल्या लहरींचा थोडा भाग बाहेरच्या वक्रतेवर आपटून पुन्हा आत येत राहतो. त्यातला काही आत गेल्यावर विखरून उलट दिशेने वाहतो. म्हणजे आतल्या क्षितिजाशी दोन विरुद्ध प्रवाहांची कायमची टक्कर चालू असते.

एरिक प्वासाँ आणि वर्नर इस्राएल यांनी १९९० मध्ये या टकरीचा हिशेब मांडला तेव्हा सोयीसाठी फिरणाऱ्याऐवजी विद्युत्-भारित गोल कृष्णविवर घेतले. आत येणाऱ्या प्रवाहासाठी त्यांनी वापरलेली भूमिती १९४३ मध्ये प्र. चु. वैद्य यांनी बनारस हिंदू विद्यापीठात, मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली शोधली होती. ती होती प्रकाश सोडणाऱ्या ताऱ्याच्या बाहेरच्या क्षेत्राची. एकटा प्रवाह वक्रता अनंतापर्यंत नेत नाही. त्याला छेदणारा दुसरा क्षीण प्रवाह आला की आतल्या भागाचे वस्तुमान दाखवणारी राशी घातांकी वेगाने फुगते आणि वक्रता अनंत होते. एक लहर निरुपद्रवी आणि दोघींची टक्कर घातक, हा खान-पेनरोज यांच्या भूमितीतला धडा इथे जसाच्या तसा पुन्हा दिसतो.

मात्र ही सिंग्युलॅरिटी ओपेनहायमर-स्नायडर यांच्या ढगातल्यापेक्षा सौम्य आहे. अमोस ओरी यांनी १९९१ मध्ये दाखवले की तिच्याजवळ ताणणारी बले अनंत होतात, पण इतक्या थोड्या वेळासाठी की वस्तूचा एकूण आकारबदल मर्यादित राहतो. २०१७ मध्ये मिहालिस दाफेर्मोस आणि जोनाथन लुक यांनी केर भूमितीत थोडाफार बदल केला तरी अवकाश-काळाची मोजमापे आतल्या क्षितिजापलीकडे अखंडपणे पोचतात, असे सिद्ध केले. सिद्धतेसाठी कृष्णविवराचा बाहेरचा भाग स्थिर होत जातो एवढे गृहीत धरावे लागते. ज्या अनुमानाप्रमाणे आत शिरलेली प्रत्येक वस्तू कडेवर पुरती चिरडली जायला हवी, त्याचे सर्वांत कडक रूप त्यामुळे सोडून द्यावे लागले. उरते ते ख्रिस्तोदूलू यांनी सुचवलेले सौम्य रूप : मोजमापे पुढे जातील, पण वक्रता इतकी बिघडलेली असेल की आइन्स्टाइन यांची समीकरणे तिथून पुढे लिहिता येणार नाहीत. तारा कोसळून बनलेल्या कृष्णविवरात या दोन्ही प्रकारच्या कडा असाव्यात, अशी अपेक्षा आहे. कृष्णविवर बनल्यावर फार उशिरा आत पडणाऱ्याला सौम्य कड भेटेल, आणि ताऱ्याच्या पदार्थाबरोबरच कोसळणाऱ्याला कास्नरच्या चालीने आवळत-ताणत नेणारी कठोर कड.